आवारातील संकेतस्थळासाठी स्वतःचा डीएनएस सर्व्हर : खानदेशातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयाचे संकेतस्थळ ही आता शोभेची बाब राहिलेली नाही. प्रवेशाची सूचना, परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीची यादी, वार्षिक गुणवत्ता अहवाल हे सर्व तेथेच प्रसिद्ध होते. नॅकच्या २०१७ पासून लागू झालेल्या सुधारित पद्धतीत तर स्वयंअध्ययन अहवालातील अनेक विधानांना पुरावा म्हणून संकेतस्थळावरील दुवे द्यावे लागू लागले. दुवा उघडला नाही तर पुरावा नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. असा दुवा न उघडण्याची कारणे शोधू लागले असता पुष्कळदा असे आढळते की, संकेतस्थळाचा संगणक चालू आहे, पाने जागच्या जागी आहेत. परंतु महाविद्यालयाच्या नावाचे संगणकाच्या पत्त्यात रूपांतर करणारी यंत्रणा उत्तर देत नाही. या यंत्रणेस डोमेन नेम सिस्टीम, अर्थात डीएनएस असे म्हणतात.

महाविद्यालयाने आपले संकेतस्थळ स्वतःच्या आवारातील संगणकावर ठेवावयाचे ठरविल्यास त्याच्या नावाचा भार पेलणारा डीएनएस सर्व्हर कसा उभारावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचन केवळ संगणकशास्त्राच्या अध्यापकांसाठी नाही. यातील निम्म्याहून अधिक निर्णय प्राचार्य, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, ग्रंथपाल आणि कार्यालयीन अधीक्षक यांनी घ्यावयाचे असतात. त्यांनी ते न घेतल्यास संगणक विभागाने कितीही परिश्रम केले तरी ते अपुरे पडतात.

नाव किती काळ टिकते याचे उदाहरण आपल्या विद्यापीठाचेच आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. तथापि, एनएमयू डॉट एसी डॉट इन हे विद्यापीठाचे इंटरनेटवरील नाव नामविस्तारानंतरही कायम राहिले. त्यात काहीही वावगे नाही. संबंधित महाविद्यालयांच्या पानांवर, शोधनिबंधांत आणि परिपत्रकांत वर्षानुवर्षे ज्या नावाचे दुवे दिले गेले, ते नाव सहज टाकून देता येत नाही. इमारत बदलते, संगणक बदलतो, सेवा पुरविणारी कंपनी बदलते. इंटरनेटवरील नाव मात्र या सर्वांहून अधिक काळ टिकावे लागते. म्हणूनच पाने कोठे ठेवावीत या प्रश्नापेक्षा नाव कोणी सांभाळावे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

नावाकडून पत्त्याकडे :

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकास अंकांचा पत्ता असतो, उदाहरणार्थ २०३.०.११३.१०. संगणकाला अंक पुरतात, माणसाला नाव लागते. इंटरनेटच्या पूर्वसूरी असलेल्या अर्पानेटवर आरंभी सर्व नावे आणि पत्ते एकाच फाईलमध्ये लिहिलेले असत. ती फाईल अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथे ठेवली जाई व इतर सर्वजण तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत निरुपयोगी ठरली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची कल्पना मांडली आणि १९८७ मध्ये तिचे जे प्रमाणरूप प्रसिद्ध झाले, त्याच पायावर ही व्यवस्था आजही चालते.

या व्यवस्थेचे मर्म आपल्याकडील टपालाच्या पत्त्यावरून चांगले समजते. मु. पो. फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव हा पत्ता आपण लहानाकडून मोठ्याकडे लिहितो. टपाल खाते मात्र तो शेवटाकडून वाचते. प्रथम जिल्हा, मग तालुका, मग गाव. डीएनएस हे नाव याच रीतीने उजवीकडून डावीकडे वाचते. शेवटचे 'इन' म्हणजे भारत, त्याआधीचे 'एसी' म्हणजे शैक्षणिक संस्था, त्याआधी महाविद्यालयाचे नाव. एकाच नावाची अनेक गावे असली तरी गोंधळ होत नाही, तो या क्रमामुळेच. खानदेशातील जळगाव आणि बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद यांची गल्लत टाळण्यासाठी आपण जे करतो तेच येथे घडते. (श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, त्यामागेही समान नावांच्या गावांची अडचण होतीच.)

दुसरी महत्त्वाची कल्पना अधिकार सोपविण्याची आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्या दिवसापासून शहादा किंवा तळोदा तालुक्यासंबंधी धुळ्याच्या कचेरीत विचारणा केल्यास 'नंदुरबारला जा' एवढेच उत्तर मिळणे योग्य होते. डीएनएसमध्ये असेच असते. जगभरातील मूळ सर्व्हरांना आपल्या महाविद्यालयाचा पत्ता माहीत नसतो. तेरा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या मूळ सर्व्हरांना 'इन'ची नोंदवही कोठे आहे एवढे ठाऊक असते. ती नोंदवही महाविद्यालयाच्या सर्व्हरकडे बोट दाखविते. प्रत्यक्ष पत्ता केवळ महाविद्यालयाचा सर्व्हर सांगतो. ज्याच्याकडे मूळ नोंद असते त्यास अधिकृत सर्व्हर म्हणतात. याउलट आपल्या मोबाइलच्या वतीने या कचेरीतून त्या कचेरीत हिंडणारा सर्व्हर वेगळा. त्यास शोधक सर्व्हर म्हणता येईल. तो मिळालेले उत्तर काही काळ आपल्याजवळ जपून ठेवतो. तलाठ्याचे दप्तर आणि त्यातील उतारा आणून देणारा मनुष्य यांत जो फरक आहे तोच या दोहोंत आहे. प्रस्तुत लेखाचा विषय दप्तराचा आहे.

नाव कोणाच्या मालकीचे :

'इन' हे भारताचे नाव ८ मे १९८९ रोजी अस्तित्वात आले. त्याची व्यवस्था दीर्घकाळ मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होती. नियम कडक असल्याने २००४ पर्यंत जेमतेम सात हजारांच्या आसपास नावांचीच नोंदणी झाली. २००५ पासून निक्सी या संस्थेच्या अधिपत्याखाली नवे उदार धोरण लागू झाले आणि कोणासही 'इन' नाव घेता येऊ लागले. मात्र 'एसी डॉट इन' हा विभाग शैक्षणिक संस्थांसाठी राखीव असून त्याची नोंदणी अर्नेट इंडिया ही संस्था करते.

महाविद्यालयाने शक्यतो 'एसी डॉट इन' नावच घ्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. 'कॉम' किंवा 'ऑर्ग' नाव कोणीही, कोणाच्याही नावे, दहा मिनिटांत घेऊ शकतो आणि नेमकी तीच त्याची उणीव आहे. प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या एका महाविद्यालयात संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने नावाची नोंदणी स्वतःच्या खासगी ई-मेलवर केली होती. काही वर्षांनी त्याने तो व्यवसाय सोडला. नूतनीकरणाच्या सूचना कोणीही वाचत नसलेल्या पेटीत जमा होत राहिल्या आणि मुदत संपताच नाव बंद पडले. देयके महाविद्यालयाने भरली होती, पावत्या फाईलला होत्या; तथापि नोंदवहीत महाविद्यालयाचे नाव कोठेच नव्हते. पावती म्हणजे मालकी नव्हे, हे भूमीच्या व्यवहारात आपणांस पक्के ठाऊक असते. नावाच्या व्यवहारात ते आपण विसरतो.

आवारात सर्व्हर ठेवण्यापूर्वी :

आवारातील सर्व्हरसाठी पहिली अट स्थिर व सार्वजनिक आयपी पत्त्याची आहे. घरगुती ब्रॉडबँड जोडणीचा पत्ता अधूनमधून बदलतो. त्याहून मोठी अडचण अशी की, जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आल्यामुळे अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अशा जोडणीवर बाहेरचा मनुष्य आपल्या संगणकापर्यंत पोहोचूच शकत नाही. राउटरने दाखविलेला बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या अंकांनी सुरू होत असेल, तर जोडणी अशा प्रकारची आहे असे निश्चित समजावे. कंपनीकडे लेखी मागणी करून स्थिर पत्ता घ्यावा आणि देयकावर तो पत्ता नमूद आहे याची खात्री करावी. आयपी आवृत्ती सहाचे पत्ते मिळत असल्यास तेही घ्यावेत.

यंत्राची गरज मात्र अगदी माफक आहे. प्रयोगशाळेतून बाद होऊ घातलेला एखादा संगणक, त्यावर लिनक्स प्रणाली आणि बाइंड हे विनामूल्य सॉफ्टवेअर एवढ्यावर एका महाविद्यालयाचे काम सहज भागते. बाइंडचा जन्म १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हातून झाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. एनएसडी, पॉवरडीएनएस ही अन्य सॉफ्टवेअरही चांगली आहेत. बाइंडविषयी वाचनसाहित्य विपुल आहे, एवढ्याच कारणाने येथे त्यास प्राधान्य दिले आहे.

खरी अडचण विजेची आणि उष्णतेची आहे. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालील खोलीत, बंद खिडकीशेजारी ठेवलेला सर्व्हर एप्रिल-मे महिन्यांत स्वतःहून बंद पडला तर नवल नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांतील दीर्घ भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना विजेविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. आज स्थिती पुष्कळ सुधारली असली, तरी वर्षातील प्रत्येक तास आवारातील संगणक चालू राहील असे कोणत्याही महाविद्यालयाने गृहीत धरू नये. पुढील सर्व मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

झोन फाईल :

महाविद्यालयाच्या नावाखालील सर्व नोंदी ज्या फाईलमध्ये लिहिल्या जातात तिला झोन फाईल म्हणतात. ही साधी मजकुराची फाईल असते आणि तिच्यातील मुख्य नोंदी मोजक्याच आहेत. 'ए' नोंद नावासमोर आयपी पत्ता लिहिते. आवृत्ती सहाच्या पत्त्यासाठी चार वेळा 'ए' असलेली नोंद असते. 'एनएस' नोंद या नावाचे अधिकृत सर्व्हर कोणते ते सांगते. 'एमएक्स' नोंद ई-मेल कोठे पोहोचवावा हे सांगते. 'सीनेम' म्हणजे एका नावाचे दुसरे नाव, आणि 'टीएक्सटी' म्हणजे मुक्त मजकूर. या शेवटच्या नोंदीत आपल्या नावाने ई-मेल पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरांना आहे हे लिहून ठेवता येते. प्राचार्यांच्या नावाने बनावट पत्रे जाण्याचा काळ लक्षात घेता ही नोंद टाळू नये.

फाईलच्या आरंभी 'एसओए' नावाची नोंद असते. तिच्यात फाईलचा अनुक्रमांक व चार कालमर्यादा असतात. अनुक्रमांक दिनांकावरून लिहिण्याची रूढी आहे. १५ जून २०२५ रोजीचा पहिला बदल २०२५०६१५०१ आणि त्याच दिवशीचा दुसरा २०२५०६१५०२, याप्रमाणे. फाईलमध्ये कोणताही बदल केल्यावर हा क्रमांक वाढविलाच पाहिजे. दुय्यम सर्व्हर क्रमांक वाढलेला दिसला तरच नवी प्रत घेतो. क्रमांक तसाच राहिला तर जुनी माहिती देणारा एक सर्व्हर आणि नवी माहिती देणारा दुसरा, अशी विचित्र अवस्था निर्माण होते. अशा वेळी एका अध्यापकाला संकेतस्थळ दिसते आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्याला दिसत नाही.

नवशिक्याला सर्वांत अधिक छळते ते एक टिंब. झोन फाईलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब देणे अनिवार्य आहे. ते न दिल्यास सर्व्हर त्या नावाला अपूर्ण समजतो आणि त्यापुढे पुन्हा महाविद्यालयाचे पूर्ण नाव जोडतो. 'महाविद्यालय डॉट एसी डॉट इन डॉट महाविद्यालय डॉट एसी डॉट इन' असे हास्यास्पद नाव तयार होते. हे नाव जगात कोठेच नसल्यामुळे ई-मेल बंद पडतो आणि फाईल वरवर पाहणाऱ्यास काहीही चूक दिसत नाही. बाइंडबरोबर येणारी 'नेम्ड-चेकझोन' ही आज्ञा प्रत्येक बदलानंतर चालवावी व तिने छापलेली पूर्ण नावे डोळ्यांखालून घालावीत.

प्रत्येक नोंदीस एक आयुर्मर्यादा असते. तीस टीटीएल म्हणतात आणि ती सेकंदांत लिहितात. ८६४०० लिहिले तर शोधक सर्व्हर ते उत्तर एक दिवस जपून ठेवतील. एरवी हे सोयीचे असते. परंतु संकेतस्थळ नव्या पत्त्यावर हलवावयाचे असल्यास दोन दिवस अगोदरच ही मर्यादा ३०० वर आणावी, स्थलांतर करावे आणि सर्व सुरळीत झाल्यावर ती पुन्हा वाढवावी. प्रवेशप्रक्रिया चालू असताना असा बदल करण्याचा मोह आवरलेला बरा.

आणखी एक कोडे येथे उलगडणे आवश्यक आहे. महाविद्यालयाच्या नाम-सर्व्हरचे नाव महाविद्यालयाच्याच नावाखाली असेल, तर त्या सर्व्हरचा पत्ता कोणास विचारावा? पत्ता विचारण्यासाठी त्याच सर्व्हरकडे जावे लागते आणि तेथे जाण्यासाठी आधी पत्ता हवा! यावर उपाय म्हणून वरची नोंदवही त्या सर्व्हरचा आयपी पत्ताही आपल्याकडे लिहून ठेवते. नोंदणीच्या वेळी नाम-सर्व्हरचे नाव व पत्ता दोन्ही द्यावे लागतात ते याच कारणाने. पुढे जोडणी देणारी कंपनी बदलली आणि आयपी पत्ता बदलला, तर झोन फाईलबरोबरच वरच्या नोंदवहीतील हा पत्ताही बदलून घ्यावा लागतो. ही गोष्ट हमखास विसरली जाते.

एकटा सर्व्हर नको :

अधिकृत सर्व्हर किमान दोन असावेत, हा नियम डीएनएसच्या आरंभापासून आहे. तथापि 'दोन' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीची संकेतस्थळे जवळपास एक दिवस जगाला दिसत नव्हती. कंपनीकडे नाम-सर्व्हर चार होते. परंतु चारही एकाच जाळ्यात, एकाच मार्गावर बसविलेले होते आणि त्या मार्गावरील राउटरच्या मांडणीत चूक होताच चारही एकदम मुके झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, त्या वेळीही कंपनीच्या नाम-सर्व्हरांकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. एकाच खोलीतील दोन संगणक हे या अर्थाने दोन सर्व्हर नव्हेतच. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यासंबंधीच्या शिफारशीत दुय्यम सर्व्हर भौगोलिकदृष्ट्या आणि जाळ्याच्या दृष्टीनेही दूर असावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

येथे एक रास्त शंका उपस्थित केली जाते. संकेतस्थळच आवारात असेल आणि आवारातील वीज गेली असेल, तर बाहेरचा नाम-सर्व्हर चालू राहून उपयोग काय? उपयोग असा की, महाविद्यालयाच्या नावाखाली केवळ एक संकेतस्थळ नसते. ई-मेल बहुधा बाहेरच्या सेवेवर असतो. ग्रंथालयाची सूची किंवा प्रवेशाचा अर्ज अन्यत्र असतो. नाम-सर्व्हर बंद पडला तर हे सर्व एकदम नाहीसे होते. शिवाय आवारातील सर्व्हर दीर्घकाळ बंद राहणार असे दिसल्यास नावाची नोंद बदलून संकेतस्थळाची राखीव प्रत दुसरीकडून दाखविता येते. नाम-सर्व्हरही त्याच खोलीत अडकलेला असेल तर हा मार्गच उरत नाही.

यावर खानदेशातील महाविद्यालयांना सहज अमलात आणता येईल असा उपाय म्हणजे परस्पर सहकार्य. जळगाव व धुळे या शहरांत सुमारे नव्वद किलोमीटरचे अंतर आहे. जळगावच्या महाविद्यालयाने धुळ्याच्या महाविद्यालयाचा दुय्यम सर्व्हर सांभाळावा आणि धुळ्याने जळगावचा. विद्यापीठांमध्ये अशी देवाणघेवाण जगभर होत आली आहे. यासाठी नवे यंत्र लागत नाही. असलेल्या बाइंडमध्ये चार-पाच ओळी वाढवाव्या लागतात. झोन फाईल एका ठिकाणीच लिहिली जाते, दुसरा सर्व्हर तिची प्रत आपोआप घेतो. दोन्ही महाविद्यालयांच्या जोडण्या मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या असाव्यात. तरीही दोन्ही शहरांकडे येणारी केबल एकाच महामार्गाच्या कडेने आलेली असण्याची शक्यता असते. पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग सहाच्या चौपदरीकरणाच्या काळात रस्ता खोदला की इंटरनेट बंद, हा अनुभव नवा नव्हता. म्हणून तिसरा दुय्यम सर्व्हर महाराष्ट्राबाहेरील एखाद्या सेवेवर ठेवावा. तो अल्प खर्चात मिळतो.

किंबहुना आवारातील मुख्य सर्व्हर जगाला ठाऊक असण्याचीही आवश्यकता नाही. तो केवळ दप्तर सांभाळेल. 'एनएस' नोंदींत व वरच्या नोंदवहीत फक्त बाहेरील दुय्यम सर्व्हरांची नावे असतील. वीज गेली तरी जगाला उत्तरे मिळत राहतील आणि दप्तराची लेखणी मात्र महाविद्यालयाच्याच हातात राहील. आपल्याकडील परिस्थितीत हीच रचना प्रस्तुत लेखकास सर्वांत योग्य वाटते.

या रचनेत 'एसओए' नोंदीतील एक कालमर्यादा विशेष जपावी लागते. मुख्य सर्व्हरशी संपर्क तुटल्यावर दुय्यम सर्व्हर किती काळ जुन्या प्रतीवर उत्तरे देत राहील हे ती ठरविते. ती सात दिवस ठेवली आणि दिवाळीच्या सुटीत शिपायाने इमारतीचा मुख्य खटका बंद केला, तर आठव्या दिवशी सर्व दुय्यम सर्व्हर एकामागोमाग उत्तर देणे थांबवतील. दोष कोणाचाच नाही. यंत्रे आपला नियम पाळतील. म्हणून ही मर्यादा २४,१९,२०० सेकंद, म्हणजे अठ्ठावीस दिवस ठेवावी. उन्हाळी सुटी त्याहून मोठी असल्याने सुटीच्या काळातही आठवड्यातून एकदा सर्व्हर चालू असल्याची पाहणी कोणाच्या तरी जबाबदारीत लिहून द्यावी.

दारे आणि कुलुपे :

सुरक्षिततेविषयी तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, अधिकृत सर्व्हरने बाहेरच्या कोणासाठीही शोधकाचे काम करू नये. बाइंडमध्ये 'रिकर्शन' बंद ठेवावे. ते उघडे राहिल्यास आपला सर्व्हर इतरांवरील हल्ल्यांसाठी वापरला जातो. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर झालेला प्रचंड हल्ला अशाच उघड्या सर्व्हरांच्या साहाय्याने झाला होता. दुसरी, संपूर्ण झोन फाईलची प्रत केवळ ठरलेल्या दुय्यम सर्व्हरांनाच मिळावी. तिसरी गोष्ट उलट दिशेची आहे : ५३ क्रमांकाचे दार यूडीपी व टीसीपी या दोन्ही पद्धतींसाठी उघडे ठेवावे. टीसीपीची गरज नाही अशा समजुतीने ते बंद केले जाते आणि मग मोठी उत्तरे व झोनच्या प्रती अडकून पडतात.

उत्तरांवर अंकीय सही करणारी डीएनएससेक ही पद्धत निःसंशय उपयुक्त आहे. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी डीएनएसमधील गंभीर दोष उघड केल्यानंतर तिला गती मिळाली व जुलै २०१० मध्ये मूळ झोनवर सही झाली. परंतु सहीच्या किल्ल्या वेळेवर न बदलल्यास, किंवा वरच्या नोंदवहीत चुकीची किल्ली राहिल्यास, तपासणी करणाऱ्या सर्व शोधक सर्व्हरांच्या लेखी महाविद्यालयाचे नाव अवैध ठरते. ज्या महाविद्यालयात हे काम पाहणारी एकच व्यक्ती आहे, तेथे पहिले वर्ष सहीविना काढावे आणि सर्व घडी बसल्यावरच या पद्धतीकडे वळावे.

मराठी नावांचा प्रश्न :

ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील 'डॉट भारत' नावे सुरू झाली आणि मराठीतून संकेतस्थळाचे नाव घेणे शक्य झाले. झोन फाईलमध्ये मात्र अशी नावे जशीच्या तशी लिहीत नाहीत. त्यांचे ठरावीक पद्धतीने रोमन अक्षरांत व अंकांत रूपांतर होते आणि अशा प्रत्येक तुकड्याच्या आरंभी 'एक्सएन' व दोन आडव्या रेघा येतात. मराठी अध्यापकांनी यात लक्ष घालण्यासारखी एक गोष्ट आहे. आपण 'जळगाव' लिहितो आणि जुन्या पाट्यांवर 'जळगांव' असते. वाचणाऱ्यास दोन्ही एकच. डीएनएसच्या दृष्टीने ही दोन सर्वस्वी भिन्न नावे आहेत आणि ती दोन भिन्न व्यक्तींच्या मालकीची असू शकतात. संस्थेच्या घटनेत एक रूप, फलकावर दुसरे आणि शिक्क्यावर तिसरे अशी स्थिती आपल्याकडे विरळ नाही. मराठी नाव घेताना प्रचलित असलेली सर्व रूपे घ्यावीत आणि ती एकाच ठिकाणी वळवावीत.

कार्यालयीन नोंदी :

नावाची नोंदणी संस्थेच्या नावे असावी. संपर्काचा ई-मेल व्यक्तीच्या नावाचा नसून पदाच्या नावाचा असावा आणि तो महाविद्यालयाच्याच डोमेनवर नसावा. नाव बंद पडल्यास तो ई-मेलही बंद पडतो व नूतनीकरणाचा मार्ग खुंटतो. नोंदणी शक्य तितक्या अधिक वर्षांसाठी एकदम करावी आणि मुदतीचा दिनांक लेखा विभागाच्या वार्षिक देयकांच्या यादीत, वीज व पाणीपट्टीच्या जोडीला लिहावा.

जडवस्तू नोंदवहीत सर्व्हरच्या यंत्राची नोंद होते, नावाची होत नाही. त्यासाठी स्वतंत्र वही ठेवावी. तीत नोंदणी खात्याचा तपशील, मुख्य व दुय्यम सर्व्हरांचे पत्ते, झोन फाईलची छापील प्रत, प्रत्येक बदलाचा दिनांक, अनुक्रमांक आणि बदल करणाऱ्याची सही असावी. परवलीचे शब्द बंद लिफाफ्यात प्राचार्यांच्या ताब्यात असावेत. काम पाहणारा अध्यापक तासिका तत्त्वावरील असेल तर सत्र संपताना, आणि नियमित असेल तर बदली किंवा निवृत्तीच्या वेळी, ही वही समक्ष हस्तांतरित व्हावी व त्याशिवाय ना-देय प्रमाणपत्र देऊ नये.

दुसऱ्या महाविद्यालयाशी दुय्यम सर्व्हरची देवाणघेवाण करताना दोन्ही प्राचार्यांच्या सहीचे एक पानी पत्र पुरते. आयपी पत्ता बदलल्यास किती दिवस अगोदर कळवावयाचे, सर्व्हर बंद आढळल्यास कोणास दूरध्वनी करावयाचा आणि व्यवस्था थांबवावयाची असल्यास किती मुदत द्यावयाची, या तीन बाबी त्यात असाव्यात. मुदत किमान तीन महिन्यांची असावी, कारण वरच्या नोंदवहीतील जुने सर्व्हर काढून नवे लिहून घेण्यास आणि सर्वत्र साठविलेली जुनी उत्तरे विरण्यास अवधी लागतो. पत्राची एक प्रत वरील वहीत चिकटवावी.